नारळी पौर्णिमेच्या आठवडाभर आधी

“ताई, नारली पुनवेच्या आदी दर्यान जातं का कोन?”

आमच्या कोळीणमावशीनं पाटी खाली ठेवत विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. जुलै महिना, मासेमारी बंदीचे दिवस. पाटीत खाडीची कोलंबी आणि चार चिंबोऱ्या एवढंच होतं. मी ठाण्याच्या नौपाड्यात राहते, मावशी चेंदणी कोळीवाड्यातली. वीस वर्षं ती आमच्या गल्लीत येते. कॅनडाला भाचीकडे चालले आहे आणि तिथे छोट्या होडीतून देवमासे बघायला जाणार आहे, हे मी मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. तारीख ऐकून तिचा चेहरा पडला. 12 ऑगस्ट. नारळी पौर्णिमा 19 ला.

मग तिनं बोटांवर तिथी मोजली. “आष्टमी. भांगाचं पानी. बरं हाय, मवाल असल.” भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची सौम्य भरती-ओहोटी. आणि मला तिचं गणित शिकवलं: तिथीला पाऊणनं गुणायचं, येईल तेवढ्या वाजता भरती पुरी. अष्टमीला आठाची पाऊण सहा, म्हणजे सहाला पाणी भरलेलं. पौर्णिमेला पंधराची पाऊण सव्वाअकरा. ठाण्यापर्यंत खाडीतून पाणी चढायला आणखी थोडा वेळ धरायचा, इतकंच. मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं हिशेब लिहिले. हा हिशेब मला तोंडी इतका सोपा करून कुणी सांगितला नव्हता, आणि मी खाडीपासून दीड किलोमीटरवर राहते.

पाण्याशी माझा संबंध कितपत, तर कॉलेजात असताना तलावपाळीला पायडल मारायची बोट, आणि दोन वर्षांपूर्वी ऐरोलीहून फ्लेमिंगो बघायला मोटारबोटीतून मारलेली फेरी. ठाणे खाडीला 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य केलं, 2022 मध्ये ती रामसर स्थळांच्या यादीत गेली, हे त्या दिवशी तिथल्या फलकावर वाचलं. बोट भरतीच्या वेळेनुसारच सुटते, तेव्हा नऊची वेळ अकरा झाली म्हणून मी कुरकुरलेही होते. पोहायला शिकले पन्नाशीत, पालिकेच्या तरणतलावात. पोहणं म्हणजे बेडकासारखे हातपाय, तोंड कायम वर.

भाचीनं मला का विचारलं, तर तिच्या यादीतले सगळे नाही म्हणून झाले होते. माझा भाऊ पाण्याला घाबरतो, वहिनीचे गुडघे गेलेत, तिच्या मैत्रिणीला सुट्टी नव्हती. “आत्या, दोघींची होडी आहे. मी मागे बसते, सुकाणू माझ्याकडे. तू पुढे बसून फक्त वल्हव.” हे ‘फक्त’ लक्षात ठेवा.

महिनाभर तरणतलावात तोंड पाण्याखाली घालायचा सराव केला. शिकवणाऱ्या मुलाला म्हटलं, मला उलटं टांगून श्वास धरायला शिकव. तो हसला. पण कयाकमध्ये, म्हणजे आम्ही जाणार होतो त्या छोट्या वल्ह्याच्या होडीत, तेच करायचं असतं. कमरेला रबरी कापडाचा एक परकर बांधतात आणि त्याची कड होडीच्या तोंडावर ताणून बसवतात, म्हणजे लाटेचं पाणी आत येत नाही. होडी उलटली की आपण त्या परकरासकट डोकं खाली, पाय वर. तेव्हा घाबरायचं नाही, पुढे वाकायचं, परकराची दोरी चाचपायची, ओढायची, कड सुटली की होडीच्या दोन्ही बाजूंना हात टेकून पॅंट काढावी तशी होडी अंगातून काढायची. व्हॅंकूव्हरजवळ डीप कोव्ह नावाच्या ठिकाणी भाचीनं मला हे तीनदा करायला लावलं. पहिल्यांदा दोरी सापडेना. बहुतेक दोन सेकंद गेले असतील, पण तेवढ्यात मला आमचा सगळा फ्लॅट, ओट्यावरच्या बरण्यांसकट, दिसून गेला. तिसऱ्यांदा वर आले तेव्हा मीच म्हटलं, आणखी एकदा.

डीप कोव्हलाच वल्हवायलाही शिकले. मी हातांनी ओढत होते आणि वीस मिनिटांत खांदे भरून आले. शिकवणारी बाई म्हणत होती, हात सरळ ठेव, कंबर फिरव. ते काही डोक्यात शिरेना. मग आई जात्यावर बसायची ते आठवलं. खुंटा हातात असायचा, पण दळायची कंबर. त्या क्षणी जमलं.

भाचीच्या गावाहून, बर्नाबीहून, निघालो ते फेरीबोटीनं नानायमोला, तिथून व्हॅंकूव्हर बेटाच्या उत्तरेकडे गाडीनं चार-साडेचार तास. शेवटी टेलिग्राफ कोव्ह. लाकडी खांबांवर पाण्यात उभी असलेली रंगीत घरं, त्यांना जोडणारी फळ्यांची वाट, बारमाही वस्ती जेमतेम वीस माणसांची. 1912 मध्ये इथे तारेच्या लाइनचं उत्तरेकडचं टोक होतं, त्यावरून नाव पडलं. म्हणजे तारेचं ठाणं. इतका प्रवास करून मी ठाण्याहून ठाण्यालाच आले, हा विनोद मी भाचीला तीनदा ऐकवला.

तिथे एक छोटं देवमासा संग्रहालय होतं. आत फिन जातीच्या देवमाशाचा सांगाडा छताला टांगलेला, आपण खालून चालायचं. त्याच वर्षी, 2024 च्या 31 डिसेंबरला, तिथे आग लागली आणि संग्रहालयासकट त्या फळ्यांच्या वाटेवरचं बरंच काही जळालं. भाचीनं फोन करून सांगितलं तेव्हा मला माझ्या मैत्रिणीसाठी तिथूनच घेतलेला चहाचा मग द्यावासा वाटेना. तो अजून माझ्याकडेच आहे.

सकाळी फॉर्म. त्यात मृत्यू हा शब्द तीन वेळा होता, दोनदा निष्काळजीपणाच्या संदर्भात. आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद वाचलेत, त्यामुळे सगळा वाचला. गाइड मुलगी घड्याळ बघत उभी राहिली. मग सामान. आठ जणांत चार जोड-होड्या, आम्ही सहा पाहुणे आणि दोघी गाइड. एका रात्रीचं सगळं, म्हणजे तंबू, भांडी, पिण्याचं पाणी, होडीच्या पोटातल्या दोन भोकांतून आत जातं. कपडे पाणी न शिरणाऱ्या पिशव्यांत. मोठी पिशवी चालत नाही, बारक्या बारक्या कराव्या लागतात. डब्यात लाडू भरताना करतो तशी जुळवाजुळव.

आणि अस्वलं. तिकडच्या जंगलात काळी अस्वलं असतात, त्यामुळे वास येणारी एकही वस्तू तंबूत ठेवायची नाही. गाइडनं वासाच्या वस्तू काढायला सांगितल्या. मी मेतकुटाची पुडी दिली, लिंबाचं लोणचं दिलं, चकलीचा डबा दिला. “अजून?” दातांची पेस्ट दिली. ती माझ्याकडे बघतच राहिली. शेवटी कैलास जीवनही काढून दिलं. ती सगळी पेटी घट्ट झाकणाच्या डब्यात गेली आणि रात्री तो डबा तंबूंपासून लांब ठेवला गेला. त्या भागातल्या कुठल्याही अस्वलाला भाजणीचा वास माहीत नसणार, पण गाइडला जोखीम घ्यायची नव्हती.

शिवाय एक नारळ. तो भाचीनं बर्नाबीच्या दुकानातून घेतला होता, मावशीच्या धाकानं. गाइडला समजावलं की आमच्याकडे पावसाळ्यानंतर दर्याला नारळ देऊन मगच मासेमारीला उतरतात. तिनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, पाण्यात काही टाकता येणार नाही. मग नारळ वासाच्या डब्यात बसला.

निघालो साडेआठला. माझ्या हिशेबानं सहाला भरती होऊन ओहोटी लागलेली असायला हवी होती. गाइडनं भरती-ओहोटीचं छापील पुस्तक दाखवलं: वेळ साफ वेगळी. तिथे दिवसाच्या दोन भरत्याही सारख्या नसतात, एक मोठी एक लहान, आणि जॉनस्टन सामुद्रधुनीत तर पाणी भरलं म्हणजे प्रवाह थांबला असंही नाही. पाऊणपट गणित आपल्या किनाऱ्याचं, तिकडे ते लागू नाही. मात्र गाइड पुढे म्हणाली, अर्ध्या चंद्राचे दिवस आहेत, त्यामुळे प्रवाह सौम्य असेल. मावशीचा भांग तिथेही भांगच होता.

ही सामुद्रधुनी व्हॅंकूव्हर बेट आणि पलीकडची बेटं यांच्या मधली, तीन-चार किलोमीटर रुंद. दोन्ही बाजूंना देवदार आणि सूचिपर्णी झाडं थेट पाण्यापर्यंत उतरलेली. पाणी ऑगस्टमध्येही आठ-दहा अंशांचं, हात गोठवणारं. प्रवाह तळाचं थंड पाणी सतत वर घुसळत राहतात म्हणून ते तापतच नाही, आणि त्याच घुसळण्यातून खाणं वर येतं. त्या खाण्यामागे बारके मासे, त्यांच्यामागे सामन (सॅल्मन) मासे, सामनमागे ते, ज्यांच्यासाठी आम्ही आलो होतो.

पहिले दोन तास ते कुठेच नव्हते. पांढऱ्या डोक्याचे गरुड होते, इतके की नंतर मी मान वर करणं सोडलं. सील डोकं काढून बघत होते. गाइडनं नियम सांगितले होते: ऑर्कापासून, म्हणजे किलर व्हेलपासून, दोनशे मीटर लांब, इतर देवमाशांपासून शंभर. ते आपणहून जवळ आले तर वल्हं थांबवायचं, होड्या एकमेकींना चिकटवून गप्प बसायचं. थांबताना वाहून जाऊ नये म्हणून केल्पचा, म्हणजे तिथल्या दोरखंडासारख्या समुद्रवेलीचा, दांडा होडीवर ओढून धरायचा. हे मला फार आवडलं. दावणीला बांधल्यासारखं.

एक गोष्ट लिहू की नको करत होते. कयाकमध्ये बसल्यावर शौचाला जायचं म्हणजे किनाऱ्याला लागणं, परकर सोडणं, लाइफ जॅकेट काढणं, बाहेर येणं, दगडांवरून झाडीत जाणं आणि सगळं उलट. त्यामुळे मी सकाळपासून पाणी पीत नव्हते. गाइडच्या लक्षात आलं. तिनं सरळ विचारलं आणि मग सगळ्यांसमोर सांगितलं की थंडीत तहान कळत नाही, पाणी न पिता वल्हवलं तर डोकं दुखतं, हात आखडतात, आणि सांगितलंत तर दर तासाला थांबू. आपल्याकडच्या सहलीत इतकी साधी गोष्ट कुणी आधी बोलून टाकत नाही. एसटीच्या प्रवासात बायका कशा कोरड्या बसतात ते आठवून मला जरा रागच आला, कुणाचा ते ठरवता आलं नाही.

दुपारी जेवणानंतर लांबवर एक हंपबॅक देवमासा दिसला. आधी झुडपाएवढा फवारा, मग काळी पाठ, मग शेपूट. चारशे मीटर तरी असेल. वारा आमच्याकडे होता आणि थोड्या वेळानं वास आला, कुजलेल्या कोबीचा आणि सुक्या बोंबलाच्या मधला. व्हॅंकूव्हर बेटावरच्या कोल हार्बर नावाच्या गावात 1967 पर्यंत देवमाशांची शिकार करून तेल काढायचा कारखाना चालू होता. गाइड म्हणाली, तिच्या आजीच्या तरुणपणी इथे हंपबॅक दिसणं म्हणजे बातमी होती. आता परत आलेत.

मुक्काम गोट्यांच्या किनाऱ्यावर. होड्या भरतीच्या रेषेच्या वर उचलून झाडांना बांधल्या. भरलेली जोड-होडी सहा जणांनी उचलली तरी कमरेत कळ येते. पूर्वेला पुढे रॉबसन बाइट नावाचं छोटं आखात. 1982 पासून ते राखीव आहे. तिथल्या काही किनाऱ्यांवर गोल गुळगुळीत गोटे आहेत आणि ऑर्का उथळ पाण्यात येऊन त्यांवर पोट घासतात. का घासतात ते नक्की कुणाला माहीत नाही, बहुधा बरं वाटतं म्हणून. तिथे होडीनं जायचं नाही. कोणी नकळत गेलंच तर पाळतीवरची माणसं येऊन परत पाठवतात. एवढ्या लांब येऊन ते न बघताच थांबायचं, याचं आमच्यातल्या एका गृहस्थाला वाईट वाटलं आणि त्यांनी ते दोनदा बोलून दाखवलं.

रात्री जेवायला शेकोटीवर भाजलेला सामन. आणि मी श्रावण पाळते, त्यात सोमवार. आम्ही सीकेपी, मासा म्हटलं की आम्हाला आधी ताट आठवतं, नंतर समुद्र. वर्षभर कोणी आणून दिला तर जिवावर उदार होऊन खाईन असा तो तुकडा, वर मीठ-मिरी, बाजूनं धूर, आणि मी मेतकूट-भात कालवून बसले. भाचीनं माझ्यासमोर दोन तुकडे खाल्ले. गाइड म्हणाली, इथल्या ऑर्का मासे खातानाही निवड करतात, त्यांना शक्यतो चिनूक जातीचा सामन लागतो, आपण खातोय तो दुसरा. मी म्हटलं, वाटणी तरी नीट आहे.

मग नारळ. गाइडच्या परवानगीनं मी पाण्याच्या कडेला उभी राहून नमस्कार केला, नारळ दगडावर फोडला, आणि दर्यात न देता सगळ्यांना खोबरं वाटलं. तक्रारवाल्या गृहस्थांनी पहिल्यांदाच ओलं खोबरं खाल्लं आणि परत मागितलं.

शेकोटीभोवती गाइडनं जे सांगितलं त्यात मी पूर्ण बुडाले, कारण तो हिशेबाचा विषय निघाला. 1970 च्या आसपास इथल्या ऑर्का जाळ्यात पकडून मत्स्यालयांना विकत. किती आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं; सगळे समजत, हजारो असतील. 1971 मध्ये मायकल बिग या शास्त्रज्ञानं किनाऱ्यावरच्या लोकांना, कोळ्यांना, दीपगृहवाल्यांना हजारो फॉर्म पाठवले आणि एकाच दिवशी दिसतील तेवढ्या मोजायला सांगितल्या. निघाल्या जेमतेम साडेतीनशे. पुढे त्याच्या लक्षात आलं की पाठीवरच्या पराच्या खाचा आणि त्यामागचा करडा डाग प्रत्येकीचा वेगळा असतो. फोटो काढून त्यानं एकेकीला क्रमांक दिला. म्हणजे खतावणी उघडली, प्रत्येकीचं स्वतंत्र पान. तेव्हापासून कोण जन्मलं, कोण गेलं, कोण कोणाबरोबर फिरतं, सगळी नोंद चालू आहे. या घराण्यांत मुलगा असो की मुलगी, जन्मभर आईबरोबर राहतात. रॉबसन बाइटच्या राखीव क्षेत्राला नंतर त्याचंच नाव दिलं.

आणि प्रत्येक घराण्याची बोली वेगळी. आमच्या मावशीचं बोलणं आणि वसईच्या कोळणीचं बोलणं कानाला वेगळं कळतं, तसं. 2002 च्या जानेवारीत सिॲटलजवळ एक दोन वर्षांची पोर एकटी, आजारी सापडली. तिच्या आवाजांवरून कळलं की ती इकडच्या उत्तरेच्या ‘ए’ घराण्यातली. खातं क्रमांक ए-73, लाडाचं नाव स्प्रिंगर. जुलैमध्ये तिला बोटीनं इकडे आणून हॅन्सन बेटाच्या एका खाडीत जाळ्याच्या आवारात ठेवलं. तिच्या गोतातल्या ऑर्का जवळून गेल्यावर जाळं उघडलं. हळूहळू त्यांनी तिला सामावून घेतलं. 2013 मध्ये ती स्वतःचं पिल्लू घेऊन आली. गाइड हे सांगताना पाण्याकडे बघत होती, जणू दाराची कडी वाजायची वाट बघतेय.

मी मध्येच विचारलं, देवमाशांत ऑर्का सर्वांत मोठा का? ती म्हणाली, ऑर्का देवमासा नाहीच, डॉल्फिन आहे, डॉल्फिनांतला सर्वांत मोठा. मला फसवल्यासारखं झालं. दीड महिना गल्लीत सगळ्यांना देवमासा देवमासा सांगून आले होते.

चंद्र मावळल्यावर काळोख असा की डोळ्यांसमोर धरलेला हात दिसेना. उल्कावर्षावाचे दिवस होते, अधूनमधून आकाशात रेघ ओढली जायची. भाचीनं पाण्यात वल्हं फिरवलं आणि पाणी निळसर पेटलं, आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर थंडीत कधीकधी पेटतं तसं. मी दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवले. थंडीनं बोटं बधिर झाली तरी काढवेनात.

तंबूत झोप नव्हती. गोट्यांवर एक पातळ गादी, माझी कंबर आणि सत्तावन्न वर्षं. बाराच्या सुमारास मोठी घरघर झाली; अलास्काला जाणारं प्रवासी जहाज दिव्यांनी लखलखत गेलं, आणि ते गेल्यावर पाच मिनिटांनी त्याच्या लाटा किनाऱ्यावर आदळल्या. होड्या वर का बांधल्या ते तेव्हा कळलं. मग शांत. मग कधीतरी, किती वाजता ते माहीत नाही, एक आवाज.

फ्फूह.

प्रेशर कुकरची शिट्टी नाही, बसचा ब्रेक नाही. कुणीतरी मोठ्या माणसानं जिना चढून आल्यावर सोडावा तसा श्वास, पण त्याच्यामागे एक पोकळी, पिंपातून आल्यासारखी. मग दुसरा, जरा बारीक. मग तिसरा. भाची उठून बसली होती. आम्ही बोललो नाही. तिनं अंधारात फोन शोधून रेकॉर्डिंग चालू केलं. ते पूर्वेकडून पश्चिमेकडे चालले होते, एकाच्या श्वासानंतर दुसऱ्याचा, मध्ये थोडी शांतता, परत. मी मोजायला लागले, सवयच ती. मोठा आवाज एक, मधले तीन का चार, आणि एक अगदी छोटा, मधल्यांतल्या एकाला लागूनच. म्हणजे आई आणि पोर. काहीही न दिसता मला त्या काळोखात कुटुंबाची मांडणी कळली. आमच्या चाळीत लहानपणी रात्री भिंतीपलीकडचे श्वास असेच ओळखू यायचे. ते लांब लांब जात राहिले आणि आपण अजून ऐकतोय की नुसतं आठवतोय, हे शेवटी ठरवता येईना.

सकाळी धुकं. ऑगस्टमध्ये तिथे हे नेहमीचंच. गाइडनं ठरवलं होतं सातला निघायचं, कारण उन्हाळ्यात दुपारी तिथे पश्चिमेचा वारा उठतो आणि आम्हाला पश्चिमेलाच जायचं होतं. पण धुक्यात जहाजांच्या वाटेवर जाता येत नाही. किनारा धरून केल्पमध्ये होड्या बांधून बसलो. गाइडनं वायरच्या टोकाला बांधलेला पाण्याखालचा माइक सोडला. छोट्या स्पीकरमधून आधी नुसती खरखर, एका बोटीचं इंजिन. आणि मग शिट्टी, दार करकरावं तसा लांब आवाज, परत शिट्टी. दुसरीकडून उत्तर. गाइडनं एक बोट वर केलं: ‘ए’ घराणं. आवाजावरून. ती आमच्यापेक्षा फक्त तीन उन्हाळे जास्त तिथे आहे.

साडेनऊला धुक्याला भोक पडलं. समोर पाण्यातून एक काळी काठी वर आली. ती वर येतच राहिली, रुंद होत गेली, माणसाच्या उंचीची झाली आणि मग खाली पाठ दिसली. नर. त्याच्या पलीकडे दोन लहान पर, आणि एकीला चिकटून पोर, ज्याच्या अंगावरचे पांढरे पट्टे नारिंगी होते; नवजात पोरांचे असतात. श्वास ऐकला आणि मी म्हटलं, हा कालचा. भाची म्हणाली, आत्या, तुला कसं कळणार? मला माहीत नाही. पण तो बारीक श्वास मोठ्या श्वासाला लागूनच येत होता, तसाच. चार वेळा वर आले, मग धुकं मिटलं. सगळं मिळून दोन मिनिटं. फोटो एकाचाही धड आला नाही. तक्रारवाल्या गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते ते धुक्यावर ढकलत होते.

याची किंमत दुपारी मोजली. निघायला साडेदहा झाले आणि बाराच्या आधीच वारा तोंडावर आला. पाण्यावर पांढरी फुलं. लाट होडीच्या नाकावर फुटायची आणि पुढे बसलेली मी, म्हणजे भिजायची मीच. वल्हं थांबवलं की होडी मागे. किनाऱ्यावरचं एक वाळलेलं झाड वीस मिनिटं बाजूलाच उभं होतं. भाची मागून ओरडायची, “आत्या, कंबर!” मी वल्ही मोजायला घेतली. पाचशेचं एक पान. पान संपलं की उलटायचं, पुढची शिल्लक ओढायची. सोळाव्या पानावर खांबांवरची घरं दिसली. गोदीवर मला दोघींनी बाहेर काढलं, कारण पाय माझे राहिले नव्हते. रात्री गाडीत भाचीनं विचारलं, परत येशील? कैलास जीवन खांद्याला चोळत मी झोपेचं सोंग घेतलं.

ठाण्याला आले ती गणपतीच्या दोन दिवस आधी. गौरी-गणपती झाल्यावर मावशी आली, पाटीत हलवा आणि बोंबील.

“नारल दिलास?”

“नमस्कार केला. टाकायला परवानगी नव्हती. फोडून वाटला.”

“खाल्लास? दर्याचा नारल?” तिनं कपाळावर हात मारला. मग थोडं थांबून, “वाटलास ना? मंग ठीक हाय.”

मी फोन काढला आणि रात्रीचं रेकॉर्डिंग लावलं. मावशीनं फोन कानाशी धरला. खरखर, खरखर, मग फ्फूह. तिनं डोळे मिटले. दुसरा श्वास झाला, तिसरा झाला, तो बारीक झाला. तिनं फोन परत दिला.

“ह्यो कसला देवमासा? गादा हाय ह्यो. आमच्या म्हाताऱ्याच्या होरीमागनं यायचे. तुज्यावाला मोटा हाय, येवडंच.”

गादा म्हणजे डॉल्फिन.

“बोंबील किती देऊ?” ती म्हणाली.